दार कुणाच्या नावावर

मेहकरहून चिखलीकडे निघालेली एसटी हिवरा आश्रमाला थांबते. एरवी इथं उतरणारी गर्दी शाळा-कॉलेजच्या पोरांची, नाहीतर आश्रमात येणाऱ्यांची. शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम, त्याच्या शाळा, कृषी महाविद्यालय आणि विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पंगतींमधून ट्रॅक्टर फिरवून वाढली जाणारी पुरी आणि वांग्याची भाजी, यामुळे बुलडाणा जिल्ह्याबाहेरही हे नाव माहीत आहे. दिवाळीत मात्र गाडीतून लेकी उतरतात. सोयाबीन निघालेलं असतं, कापूस वेचणीला आलेला असतो, भाऊ मोटारसायकल घेऊन थांब्यावर उभा असतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे मुराळ्याची वाट न बघता येणाऱ्याही पुष्कळ.

भाऊबीज झाली की परत निघायचं असतं. सगळ्याच निघत नाहीत. एखादीची बॅग चार दिवसांच्या मानानं जड असते. आईच्या ते पहिल्या रात्री लक्षात येतं, बापाच्या आठवड्यानं, भावजयीच्या आल्याआल्याच. मग कुणीतरी म्हणतं, राहू दे तुळशीच्या लग्नापर्यंत. तुळशीचं लग्नही होऊन जातं.

अशा बाईची हकिगत नाव-गाव बदलून छापायची आपल्याकडे पद्धत आहे. पण लहान गावात नाव बदलून ओळख लपत नाही, आणि बाकीचे तपशीलही बदलले तर ती हकिगत कुणाचीच राहत नाही. म्हणून या लेखात हिवऱ्यातली कुणी बाई नाही. ज्यांनी आपली गोष्ट स्वतःच्या तोंडानं, माईकसमोर सांगितली अशा दोघी आहेत. एक शेजारच्या अकोला जिल्ह्यातली, दुसरी वर्ध्याकडची. दोघींची लग्नं न कळत्या वयात लावली गेली, दोघींनी मार खाल्ला, दोघी त्या घरातून बाहेर पडल्या आणि दोघींना पुढे पद्मश्री मिळाली. पद्मश्रीमुळे दोघींचं नाव धैर्याचा दाखला म्हणून घेतलं जातं. धैर्य होतंच. पण दोघींच्या गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की मला आधी दिसतं ते दुसऱ्याच कुणाचं वागणं. एकीला बाप घ्यायला आला. दुसरीला आईनं दारातून परत पाठवलं.

कल्पना सरोज यांचा जन्म १९६१ चा, अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याचा. घर दलित, वडील पोलिसात. मुलगी शाळेत हुशार होती, पण नातेवाइकांचा रेटा आणि त्या काळची रीत, बाराव्या वर्षी लग्न झालं आणि ती मुंबईच्या झोपडपट्टीत नांदायला गेली. घर मोठं, माणसं पुष्कळ, काम सगळं हिच्यावर. मारणाऱ्यांत थोरले दीर आणि जाऊ पुढे होते. भाजीत मीठ जास्त पडलं, कपडे नीट धुतले गेले नाहीत, एवढ्या कारणावरून केस धरून मारहाण व्हायची, असं त्यांनी मुलाखतींमधून सांगितलं आहे. सहाएक महिन्यांनी वडील भेटायला गेले. फाटक्या कपड्यातली, वाळलेली पोर त्यांनी बघितली आणि तिला घेऊनच परतले.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. १९७० च्या दशकातल्या वऱ्हाडातल्या एका हवालदाराला ते किती अवघड गेलं असेल याचा अंदाज आजही करता येतो, कारण आजही बहुतेक बाप पहिल्या खेपेला पोरीला आणत नाहीत, समजूत काढून येतात. दुसऱ्या खेपेला मामा-काका घेऊन बैठक बसवतात. बैठकीत जावई मान खाली घालून 'आता नाही होणार' म्हणतो, चहा होतो, पोर तिथंच राहते. यात बापाचं प्रेम कमी असतं असं नाही. धाकटीचं लग्न व्हायचं असतं, थोरल्याला पोरगी बघायची असते, आणि पुन्हा नांदायला न गेलेल्या लेकीचा हिशेब सगळ्या घराच्या खात्यावर मांडला जातो. कल्पनाच्या वडिलांनी तो हिशेब केला नाही, किंवा करूनही बाजूला ठेवला.

घरी आणलं म्हणजे सुटली, असंही झालं नाही. गावानं तिला सुखानं राहू दिलं नाही. येता-जाता टोमणे, सासर सोडून आलेली म्हणून नावं ठेवणं. एका क्षणी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. आत्यामुळे वेळेवर दवाखाना गाठता आला. नवरा, दीर, जाऊ सगळे मुंबईत, शेकडो मैलांवर होते. इथं गावात मारणारं कुणी नव्हतं आणि तरी पोर मरणाच्या दारात गेली. सासरी होणाऱ्या छळाला आपल्याकडे कायद्यात कलम आहे, गावाच्या तोंडाला नाही.

सोळाव्या वर्षी ती पुन्हा मुंबईला गेली, या वेळी कामाला. होजिअरीच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसवलं तेव्हा घाबरून मशीन चालेना, म्हणून धागे कापायच्या कामावर घेतलं. दिवसाला दोन रुपये. हळूहळू मशीन हातात बसलं. मधे वडिलांची नोकरी गेली, तेव्हा कल्याणला भाड्याची खोली घेऊन तिनं आई-वडील, भावंडं गावाहून आणली. बापानं एकदा लेकीला दार उघडलं होतं. काही वर्षांतच लेकीच्या भाड्याच्या खोलीत सगळं माहेर येऊन राहिलं. त्याच दिवसांत एक बहीण आजारी पडून गेली, उपचाराला पैसे नव्हते. पैसा कमवायचाच हे तिथं ठरलं, असं त्या सांगतात. मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतून पन्नास हजारांचं कर्ज मिळालं, शिलाई आणि फर्निचरचा धंदा उभा राहिला, मग जमिनीचे व्यवहार आले.

कमानी ट्यूब्ज ही मालकांच्या भांडणात बुडालेली कंपनी. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कामगारांच्या ताब्यात द्यायला मान्यता दिली, देशात त्याचं अप्रूप झालं, पण कारखाना पुन्हा कर्जात गेला. शंभर कोटींवर देणं आणि शंभरावर खटले असलेली ती कंपनी सरोज यांनी अंगावर घेतली, २००६ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. कोट्यधीश झाल्या म्हणून त्यांची गोष्ट सांगितली जाते. मला त्यातली मोठी रक्कम दोन रुपये रोजाची वाटते, कारण ती स्वतःच्या हातात पडत होती.

सिंधुताई सपकाळांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे, म्हणून तिचा मधलाच भाग घेतो. १४ नोव्हेंबर १९४८ चा जन्म, वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेचा. चौथीपर्यंत शाळा, आणि मग कितीतरी मोठ्या वयाच्या माणसाशी लग्न. सासर जंगलाकडेच्या नवरगावचं. तिथं गावातल्या बायका जनावरांचं शेण गोळा करायच्या, त्याचा पैसा मात्र दुसऱ्याच्या खिशात जायचा. सिंधुताईंनी मजुरी मागितली. ज्याचं नुकसान झालं त्या वजनदार माणसानं सूड म्हणून तिच्या पोटातल्या बाळाबद्दल कंडी पिकवली. नवऱ्यानं ती खरी मानली आणि दिवस भरत आलेल्या बायकोला पोटावर लाथा घालून बाहेर काढलं. गोठ्यात मुलगी झाली, नाळ आपल्याच हातानं दगडानं तोडली. बाळाला घेऊन ती माहेरी गेली आणि आईनं घरात घेतलं नाही.

त्यांच्यावरच्या सिनेमात आणि भाषणांत लाथेचा प्रसंग मोठा होतो. आईचा प्रसंग त्या मानानं भरभर उरकला जातो. तिचं त्यात काय चुकलं, गावाची भीती होती, नवरा गेला होता, घरात तिचं स्वतःचं काय चालत होतं, हे सगळं विचारता येईल आणि विचारायला हवंही. दार लावणाऱ्या आईच्या नावावर ते घर बहुधा नव्हतं. तरी त्या दिवसानंतर सिंधुताईंना रेल्वे स्टेशन, भीक, गाडीत म्हटलेली गाणी आणि रात्री स्मशान, एवढंच उरलं. स्मशानात माणसं यायला घाबरतात, म्हणून बाईला ते सुरक्षित वाटायचं.

पुढे चिखलदऱ्यात व्याघ्र प्रकल्पामुळे उठवल्या जाणाऱ्या आदिवासी गावांसाठी त्या लढल्या, तिथंच सावित्रीबाई फुले यांच्या नावानं मुलींचं वसतिगृह काढलं, मग सासवडजवळ, पुण्यात, वर्ध्यात संस्था झाल्या. २०२१ ची पद्मश्री, आणि ४ जानेवारी २०२२ ला पुण्यात निधन. म्हातारपणी नवरा त्यांच्याकडे आला. नवरा म्हणून नाही, लेकरू म्हणून ये, असं म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतलं. हा प्रसंग त्या भाषणात सांगत आणि टाळ्या पडत. टाळ्या मला नेहमी खटकत आल्या आहेत. क्षमा करायचा त्यांचा अधिकार होता आणि त्यांनी तो आपल्या मर्जीनं वापरला. सभागृह मात्र सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखं टाळ्या वाजवतं, जणू शेवटी सगळं ठीकच झालं. त्या दिवशी दारात उभा राहिलेला तो होता आणि घर तिचं होतं, एवढाच या प्रसंगातला न्याय मला दिसतो.

या दोघी वेगळ्या म्हणून गाजल्या. बाकीच्यांचं काय होतं याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येतो. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आधीच्या फेरीत हा आकडा २१.३ होता. मारहाण वाढली की बोलणं वाढलं, हे आकडा सांगत नाही. देशभरात हिंसा झालेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली. तीन-चतुर्थांशांहून अधिक जणींनी मदत तर नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मागितली त्यांनी सर्वात जास्त वेळा माहेरच्यांकडे मागितली. पोलिसांचा नंबर खूप खाली लागतो. म्हणजे आपली पहिली पोलीस चौकी, पहिलं कोर्ट आणि पहिलं निवारागृह माहेरच आहे. तिथं निकाल विरुद्ध गेला की पुढं अपील करणाऱ्या थोड्याच.

बुलडाणा जिल्ह्याचा या विषयाशी संबंध फार जुना आहे. ताराबाई शिंदे याच बुलडाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा संतापून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं, किंमत नऊ आणे. पुस्तकावर इतकी टीका झाली की त्यांनी पुन्हा काही छापलं नाही. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा बाहेर काढलं.

ताराबाईंच्या चरित्रातला एक बारीक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचे यजमान घरजावई होते. नवऱ्याच्या जातीला इतकं झोडपणारं पुस्तक लिहिणारी बाई स्वतःच्या बापाच्या घरात राहत होती. तिकडे मुंबईत रखमाबाईही आईच्या आणि सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुनांच्या घरी होत्या, म्हणूनच अकराव्या वर्षी झालेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला नाही म्हणू शकल्या. दादाजी भिकाजीनं १८८४ मध्ये दावा लावला. आधी न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. तुरुंग पत्करेन म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. लोकमान्य या प्रकरणात त्यांच्या विरोधात होते. नांदायला या, ही मागणी कायद्यात अजूनही आहे, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये. पोटगीचा अर्ज केला की पुष्कळदा पहिलं उत्तर म्हणून तशी नोटीस येते. न नांदल्याबद्दल आता कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, पण टपालानं आलेला तो कागद बघून घरची माणसं घाबरतात.

म्हणून कायद्यात खरोखर नवं काय आलं ते नीट सांगायला हवं. १९८३ मध्ये ४९८-अ आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ व्या कलमात आहे. ते शिक्षेचं कलम. नवरा आत गेला तरी बाईनं आज रात्री झोपायचं कुठं, याचं उत्तर त्यात नाही. २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं पहिल्यांदा घराचा प्रश्न घेतला. कलम १७ म्हणतं की ज्या घरात ती संसार करत होती तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. ते विकून वा कुलूप लावून तिला बाहेर काढता येत नाही; गरज पडली तर नवऱ्यानं वेगळं भाड्याचं घर द्यावं असाही हुकूम कोर्ट करू शकतं. कायदा लागू झाल्याला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं बत्रा खटल्यात घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेचा हक्क नाकारला. पुढची चौदा वर्षं सासू-सासऱ्यांच्या नावाचा उतारा दाखवून सुनांना बाहेर ठेवणं सोपं झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा खटल्यात तो अर्थ चुकीचा ठरवला गेला. खेड्यात घर बहुधा सासऱ्याच्याच नावावर असतं, तेव्हा हा बदल मेहकर तालुक्यातल्या बाईला दिल्लीतल्या बाईपेक्षा जास्त लागू पडतो.

दुसरी गोष्ट अंतराची. पोर दिली जालन्याला नाहीतर पुण्याला, आणि तारखेला तिथं जायचं म्हटलं तर रोज बुडणार, सोबतीला भाऊ लागणार, आणि तिथं गेल्यावर तीच माणसं पुन्हा समोर. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती जिथं तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो, म्हणजे हिवऱ्यात माहेरी आलेलीला मेहकरचं कोर्ट. छळाच्या फौजदारी तक्रारीबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये हेच सांगितलं: जिथं तिनं आसरा घेतला तिथंही गुन्हा नोंदवता येतो. तरी ठाण्यातून 'तुमच्या सासरच्या हद्दीत जा' हे उत्तर मिळतंच. महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतो, त्याला पैसे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अटही नाही. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. साठ दिवस कागदावरच राहतात, जो कोर्टाची पायरी चढला आहे त्याला ते वेगळं सांगायला नको. १८१ वर फोन केला तर जिल्ह्याच्या 'सखी' केंद्रात राहायची सोय होते, सहसा दिवाळीएवढी, पाच दिवसांची.

म्हणून सारं फिरून माहेराशी येतं, आणि माहेराबद्दल एक गोष्ट भाऊबीजेच्या दिवाळी अंकात लिहिणं जरा अवघड आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानं आहे, बाप कधी वारला यावर अवलंबून नाही, असं स्पष्ट केलं. २००५ आधीच्या वारसा कायद्यात कलम २३ होतं. त्यात लेकीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. राहायचा हक्क होता, तोही अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या लेकीला. म्हणजे लग्न झालेल्या लेकीला माहेरी राहायला तिचा संसार मोडलेला असणं ही अट होती. ते कलम २००५ मध्ये गेलं. आता ती मालकीण आहे.

आणि मालकीण झाल्या दिवसापासून तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं. बाप गेला, तेरावं झालं, की भाऊ बहिणींना घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो. साडी-चोळी होते, सही होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावरून नाव जातं. बहुतेक बहिणी खुशीनं सह्या करतात, हेही खरं. त्यांना चार गुंठे नको असतात, भाऊ हवा असतो. माहेर तुटू नये म्हणून त्या माहेरावरचा हक्क सोडतात. मी यात भावांना खलनायक करायला तयार नाही. कोरडवाहू तीन एकरांत त्याचंही भागत नाही, आणि म्हाताऱ्या आईला तोच बघतो. पण सहा वर्षांनी तीच बहीण जड बॅग घेऊन थांब्यावर उतरली, तर ती आता ज्या घरात जाणार ते कायद्यानंही भावाचं झालेलं असतं आणि तिथं किती दिवस राहायचं हे भावजय ठरवते. भावजयीला तरी दोष कसा द्यावा? तिच्याही माहेरी हेच झालेलं असतं.

माहेरी राहिलेल्या बाईच्या प्रश्नावर महाराष्ट्रात काम झालं आहे. संगमनेरच्या निशा शिवूरकर यांनी समता आंदोलनातून परित्यक्तांची चळवळ उभी केली आणि 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिलं. सांगली-साताऱ्याकडे इंदूताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं या बायकांच्या नावानं रेशनकार्ड मागितलं. रेशनकार्ड ही मागणी किरकोळ वाटते. सासरच्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय दुसरीकडे चढत नाही, आणि सासरचे नाव कमी करत नाहीत. वर्षानुवर्षं तिच्या वाट्याचा गहू ते उचलतात आणि ती भावाच्या ताटात खाते. अलीकडे लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता हा शब्द वेगळा लिहिला गेला आणि जुलै २०२४ पासून दीड हजार रुपये थेट तिच्या खात्यात येऊ लागले. निवडणुकीचा हिशेब त्यात होता हे उघड आहे. पण घरात 'किती दिवस राहणार' असं विचारलं जाणाऱ्या बाईला महिन्याच्या किराण्यात आपले पैसे घालता येणं, याची किंमत शहरात बसून करू नये.

लेकरं असतील तर जूनमध्ये आणखी एक गाठ बसते. शाळा सोडल्याचा दाखला सासरच्या गावी अडकलेला असतो, तो आणायला बापाची सही हवी असं सांगितलं जातं, आणि दाखल्यासाठी म्हणून बाई परत त्याच दारात जाते. कितीतरी जणी त्या खेपेला पुन्हा तिथंच राहतात. हिवऱ्यासारख्या शाळांच्या गावात तरी हे होऊ नये. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे: दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता तर येतच नाही, आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो. मुलाला त्या दिवशी वर्गात बसवायचं, आणि दाखला शाळेनं शाळेकडे मागायचा. त्यासाठी आईनं एसटीत बसायची गरज नाही.